हरल्यावरही चहा मिळतो

४ मार्च, मंगळवार

नकटे,

जिवंत आहे. आधी तेच सांगते, नाहीतर चार वर्षांनी माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुला वाटायचं, म्हातारी गेली आणि शेवटची इच्छा म्हणून कुणीतरी हे टपालात टाकलं. गेले नाही. दातही सगळे आहेत, एक सोडून, आणि तो असा मागं आहे की बोलण्यात अडथळा येत नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतेस. कागद ठेवून दिला तरी परत उचलता येतो. तिसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं शिकले तेवढ्यात लिहिते आहे. बाईपणा करून लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नकोस. तू आता शाळेत बाई नाहीस.

आणि जो कोणी हे पाकीट मध्येच उघडून वाचत असेल त्या बाबाला सांगते: वाच, पण परत चिकटवताना डिंक बेतानं लाव. मागं शेजारणीच्या पत्राची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की जावयाला बढती मिळाली की कावीळ झाली हे तिला अजून कळलेलं नाही.

आता कामाचं. आपल्या शिवणखान्यात काल कचेरीतला कारकून आला होता. आम्ही त्याला टाचणी म्हणतो. अंगानं तसाच, आणि डोकंही तसंच, बारीक देहावर टपोरं. म्हणाला, साहेबांना गादीवर बसून दहा वर्षं झाली, तीन मेला ते स्वतः आपल्या चौकात येणार, नवा पूल उघडणार, आणि त्यांच्यासमोर एका कष्टकरी बाईनं तीन मिनिटं बोलायचं आहे. ती बाई म्हणजे मी.

"मीच का?" म्हटलं.

"आजी, तुम्ही मनापासून बोलता," तो म्हणाला. "बाकीच्यांना लिहून द्यावं लागतं."

हे खरं आहे, आणि तुला ते माहीत आहे. मी साहेबाची माणूस आहे, होते, राहणार. तू मला त्या दिवशी जेवता जेवता काय बोललीस ते मी विसरलेले नाही. मी म्हटलं होतं, ताटात पडलंय ते खा, वाढणाऱ्याचं कूळ विचारू नको. तू म्हणालीस, आजी, तुरुंगातही जेवण वेळेवर मिळतं. आणि उठलीस. तुझं ताट मी घासलं, म्हणून सांगते, त्यात निम्मं तसंच होतं.

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. तुझे आजोबा गेले तेव्हा राज्य निवडून आलेल्यांचं होतं. सात वर्षांत पाच जण निवडून आले. प्रत्येक जण हात जोडत आमच्या दारात आला. आणि ज्या दिवशी आजोबांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी दवाखान्यात वीज नव्हती. डॉक्टर मेणबत्ती धरून शीर शोधत होता. मत दिल्याची शाई माझ्या बोटावर तशीच होती. तिच्या उजेडात शीर दिसली नाही. मग साहेब आला, बिनमताचा, रणगाड्यावर बसून. सहा महिन्यांसाठी आलोय म्हणाला. पण दोन वर्षांत वीज आली, नळ आला, रस्ता आला, आणि आपल्या खान्यात पायानं चालवायच्या सहा मशिनींच्या जागी विजेच्या वीस लागल्या. मी त्याचे आभार मानू नको, तर काय त्या पाच जणांचे मानू?

तर मी फुकटात बोलले असते. पण टाचणी जाता जाता म्हणाला, "नातीचं नाव सरहद्दीवरच्या यादीत आहे ना? तुम्ही छान बोललात तर ते निघेल. येऊ शकेल ती घरी."

नकटे, बाजारात कुणी आपण न विचारता किंमत पाडली की मला माल नासका वाटतो. तसं वाटलं. पण तू येऊ शकशील, हेही ऐकलं. दोन्ही लिहिलं. उत्तर दे.

तू गेलीस त्या दिवशी स्टेशनवर आले नाही, कारण खान्यात मोठी ऑर्डर होती.

आजी


२१ मार्च, शुक्रवार

नकटे,

पत्र मिळालं. डिंक जास्तच होता, पण पानं वाफेवर धरून सोडवली. "माझ्यासाठी बोलू नकोस, तुला पटतंय तेच बोल," असं लिहिलंस. मोठी आली पटवणारी. मला जे पटतं तेच बोलून तू घरी येत असशील, तर त्यात वाईट काय? याचं उत्तर मी स्वतःच शोधत होते, तेवढ्यात खान्यात वेगळीच आग लागली.

टाचणी कागद घेऊन आला होता. भाषणाबरोबर पाठिंबापत्र लागतं म्हणाला. शिवणखान्यातल्या सगळ्या एकतीस बायका साहेबांच्या पाठीशी आहेत, खाली प्रमुख म्हणून माझी सही. मी म्हटलं, "लिहा, एकतीसच्या एकतीस," आणि पेन उचललं.

मागून इस्त्रीचा आवाज थांबला. आपली इस्त्रीवाली तुला आठवते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि त्याचा तिला केवढा गर्व. ती म्हणाली, "माझं नाव तुला कुणी सांगितलं घालायला?"

"तुला साहेब नको?" मी म्हटलं.

"ते मी सांगितलंच नाही. हवा असेल, नसेल. मला विचारलंस का?"

"मी प्रमुख आहे."

"तुला प्रमुख कुणी केलं?"

आता हे बोलणं झालं का? नऊ वर्षांपूर्वी आधीच्या बाई मुलाकडे निघाल्या, तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली. दोन दिवस सांभाळ म्हणाल्या. त्या आल्याच नाहीत. मी सांभाळली. गळ्यात घालून सांभाळली, छातीवर किल्लीचा वळ पडेपर्यंत. तेव्हा खान्यात छत गळत होतं, मुतारीला दार नव्हतं, पगार कधी होईल ते देवाला ठाऊक. आज छत आहे, दार आहे, त्या दाराला आतून कडीसुद्धा आहे. हे सगळं मी तिला ऐकवलं.

"कडी छान आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "पण मी कडीबद्दल विचारत नाही."

टाचणी पेनाचं टोपण लावत उघडत बसला होता. मला लाज वाटली, की परक्या माणसासमोर घरचं भांडण. म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे. घ्या मत.

बुधवारी घेतलं. आमच्यात अर्ध्या बायकांना लिहिता येत नाही, म्हणून बटणं ठेवली. माझ्या टेबलावर दोन वाट्या, एकीत पांढरी, दुसरीत काळी. मी राहावं वाटत असेल तिनं पांढरं उचलायचं, नको असेन तर काळं, आणि डब्यात टाकायचं. मी चष्मा लावून समोरच बसले, कुणी दोन टाकू नयेत म्हणून. एकेक बाई आली, माझ्याकडे बघून हसली, पांढरं टाकून गेली. इस्त्रीवालीनंही पांढरं टाकलं! एकतीस पांढरी. काळ्या वाटीला हात लागला नाही.

मी डबा उपडा करून तिला दाखवला. म्हटलं, "बघ. मिळालं उत्तर?"

ती म्हणाली, "हे मत नव्हे बाई, ही हजेरी झाली."

जळते मेली. पण सांगायची गोष्ट ही, की एकतीस!

आजी


५ एप्रिल, शनिवार

नकटे,

हसायचं असेल तेवढं हसून घे आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचत होते. त्यात तू लिहिलंस, "आजी, तुझ्या साहेबाला दर वर्षी पाठिंबापत्रावर शंभरात सत्त्याण्णव मिळतात. तू तर त्याच्याही पुढं गेलीस." इथपर्यंत वाचून मी मोठ्यानं म्हटलं, कार्टी! आणि इस्त्रीवालीनं माझ्या हातातून कागद ओढून सगळ्यांना वाचून दाखवला. सगळ्या हसल्या. मी वर बघितलं. त्या हसत होत्या, पण बुधवारी माझ्याकडे बघून हसल्या होत्या तसं नाही. ते हसू वेगळं होतं. मला दोन्ही हसण्यांतला फरक दिसला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा दिसला, ही गंमत.

मग मीच म्हटलं. लक्षात ठेव, मीच म्हटलं. परत घ्या. आणि यावेळी मी समोर बसणार नाही.

कसं घ्यायचं यावर बराच काथ्याकूट झाला. पाळीनं पडद्यामागं जावं, तर पडद्याखालून पाय दिसतात. कागदावर खूण करावी, तर खुणेवरून हात ओळखू येतो. शेवटी युक्ती इस्त्रीवालीनं काढली, आणि युक्ती चांगली होती हे मला मान्य आहे. एकाच रंगाची, एकाच मापाची बटणं घ्यायची. काही दोन भोकांची, काही चार भोकांची. सगळी एका मोठ्या पिशवीत. आत हात घालायचा, बोटानं चाचपून हवं ते बटण मुठीत घ्यायचं आणि मूठ तशीच दुसऱ्या पिशवीत रिकामी करायची. बघणाऱ्याला नुसती मूठ दिसते. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही, पण आमच्यातली प्रत्येक बाई झोपेतही बोटानं भोकं मोजते. दोन भोकं मी. चार भोकं ती तुरतुरी, कडेच्या मशिनीवरची, चालते तेव्हा पाय जमिनीला लागलेत की नाही याची शंका यावी अशी. तीन वर्षांपासून माझ्यामागं लागली होती, टेबलं खिडकीपाशी न्या, उजेड मिळेल. मी सांगत होते, टेबलं जिथं आहेत तिथं छान आहेत.

पिशवी मीच शिवली. काळ्या जाड कापडाची, तोंडाला दोरी. काम आपलं चोख असतं, स्वतःच्या विरुद्ध असलं तरी.

नऊ आणि बावीस.

नऊ माझी. त्यातलं एक मी स्वतः टाकलेलं.

नकटे, मी तीन वेळा मोजली. तुरतुरी म्हणाली, "आजी, मी मोजू का?" मी म्हटलं, "हात लावू नको, अजून मीच प्रमुख आहे." चौथ्यांदा मोजली. नऊच. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. मी ती उघडून बसले, आणि आत नऊ बटणं.

बावीस बायका! ज्यांच्या बाळंतपणाला मी रजा दिली, ज्यांच्या नवऱ्यांना मी फैलावर घेतलं, ज्या रोज सकाळी "आजी, आज छान दिसता" म्हणत होत्या. मी काही रोज छान दिसत नाही. तिथंच कळायला हवं होतं.

किल्ली गळ्यातून काढली तर दोरा केसात अडकला. तो इस्त्रीवालीनं सोडवला. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, आणि मी तयारीत होते. ती म्हणाली, "चहा घेतेस?"

घेतला. रोजच्यासारखाच होता. थोडा पाणचट.

आजी


१६ एप्रिल, बुधवार

नकटे,

"आजी, तुला वाईट वाटलं का," हे असलं काही विचारायला तुला टपालाचं एवढं महाग तिकीट परवडतं? वाटलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काजं करायला बसले, आणि काज तिरकं गेलं की राग त्यावर निघतो.

तुरतुरीनं पहिल्याच दिवशी टेबलं खिडकीपाशी नेली. मी आपली मागं अंधारात बसून राहिले, म्हटलं बघू कशी तोंडावर आपटते. दुपारी ती आली आणि माझी खुर्ची उचलून खिडकीत नेऊन ठेवली. मी खुर्चीवर नव्हते म्हणून, नाहीतर माझ्यासकट नेली असती. तिथं बसले. नकटे, नऊ वर्षं मी डोळे बारीक करून दोरा ओवत होते आणि वाटत होतं, वय झालं. वय नव्हतं झालं. खिडकी नव्हती. आता मी पहिल्या दमात ओवते. खान्यात रोज चाळीस सदरे जास्त निघतात. माझ्या राज्यात भरभराट झाली ती खरीच, पण ती माझ्यामुळं किती आणि माझ्या नाकावर टिच्चून किती, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. करणार कसा? विरुद्ध बोलणारं तोंड होतंच कुठं?

हे मी कबूल केलंय, ते या कागदावर. इस्त्रीवालीला सांगितलेलं नाही. तिला पत्र लिहू नकोस.

काल टाचणी आला. छापील भाषण घेऊन. मी म्हटलं, "बाबा, घोटाळा झाला. मी आता प्रमुख नाही. हरले." तो हसला. "कागदावर आहात ना? कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यात."

"पण नऊच मतं पडली मला."

"कोण बघायला जातंय, आजी? तुम्हीच प्रमुख. एकतीस बायकांच्या वतीनं."

"ही अशी सोय आहे होय तुमच्याकडे?" मी म्हटलं. "मला आधी सांगितलं असतं तर पिशवी शिवायचे कष्ट वाचले असते."

त्याला कळलं नाही. मग त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. तुझ्या नावाचा. त्यावर शिक्का मारलेला, फक्त सही बाकी. भाषण झालं की साहेब तिथल्या तिथं सही करणार. तुझं नाव त्यांनी नीट लिहिलंय, काना-मात्रेसकट. मी बराच वेळ बघत होते.

आता तू विचारशील, काय ठरवलंस. अजून सतरा दिवस आहेत. मी भाषण पाठ करते आहे. सोपं आहे. "आम्हा सर्वांच्या मनातलं बोलते," अशी सुरुवात आहे.

आजी


४ मे, रविवार

नकटे,

टीव्हीवर तू काय बघितलंस ते मला कळलंय. सगळ्यांनी तेच बघितलं. मी बोलायला उभी राहते, पहिलं वाक्य होतं, आणि मग एकदम कुंड्या. शेजारीण म्हणते, तब्बल दोन मिनिटं फुलझाडं दाखवली, मागं वाजंत्री. म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहिते. पाकीट उघडणाऱ्या बाबा, तूही वाच, तू तेव्हा ड्युटीवर असशील.

चौक गच्च भरलेला. नवा पूल खरंच सुंदर आहे, त्याला नावं ठेवणार नाही. साहेब वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. अंगातल्या कोटाची काजं हातानं केलेली होती, उत्तम काम, म्हणजे माणसाला पारख आहे. त्याच्यापुढच्या टेबलावर तुझा कागद, आणि कागदावर पेन.

मी म्हटलं, "साहेब, वीज दिलीत, तिचे आभार. माझा नवरा मेणबत्तीच्या उजेडात गेला. आता तसं कुणी जात नाही. हे मी मनापासून बोलते, कुणी लिहून दिलेलं नाही." साहेबानं मान हलवली. टाचणी बाजूला उभा होता, त्याचा चेहरा उजळला.

इथं छापील भाषणात होतं, आम्हा सर्वांच्या मनातलं बोलते. ते वाक्य जिभेवर आलं. खरंच आलं, नकटे. पेन तिथंच होतं. पण समोर तिसऱ्या रांगेत आपल्या तीस बायका बसलेल्या. इस्त्रीवाली माझ्याकडे बघत होती. आणि मला दिसलं, की सगळा चौक माझ्याकडे बघून हसतोय, आणि ते हसू पहिलं होतं. पांढऱ्या बटणाचं.

म्हटलं, "पुढचं मला लिहून दिलंय, की सगळ्यांच्या मनातलं बोल. पण सगळ्यांच्या मनातलं मला कसं कळणार, साहेब? मी नऊ वर्षं एका खान्याची प्रमुख होते. छत घातलं, दाराला कडी लावली. वाट्या समोर ठेवून मत घेतलं तर एकतीसच्या एकतीस माझ्या. पिशवीत हात घालून घेतलं तर नऊ. हात तेच, बायका त्याच. तुम्ही तर एवढा मोठा पूल बांधलात, तुम्हाला नऊ नाही, जास्तच पडतील. कदाचित सगळी पडतील. पण तुम्हाला ते माहीत नाही. मला तुमची कीव येते. दहा वर्षं लोक तुम्हाला छान दिसता म्हणतात, आणि खरंच छान दिसता का, हे तुम्ही विचारायचं कुणाला?"

पुलाखालचं पाणी ऐकू येत होतं. पण आता अर्ध्यात थांबून उपयोग नव्हता. शिवण अर्ध्यात सोडली की उसवते.

"पिशवी मी शिवून देते," म्हटलं. "देशाला पुरेल एवढी. आणि हरायची भीती वाटत असेल तर मला विचारा, मी गेल्याच महिन्यात हरले आहे. काही होत नाही. दोन दिवस वाईट वाटतं. तिसऱ्या दिवशी खिडकीत बसायला मिळतं. आणि हरल्यावरही चहा मिळतो."

आधी एकच हसली. इस्त्रीवाली. तिचं हसणं तुला माहीत आहे, तापल्या इस्त्रीवर पाणी शिंपडल्यासारखं. मग आमच्या तीस. मग मागचे. मग सगळा चौक, लांब पुलावर चढून बसलेली माणसंसुद्धा. आणि ते हसू दुसरं होतं, नकटे. साहेबसुद्धा हसला. त्याला हसावंच लागलं, कॅमेरे होते. पण क्षणभर मला वाटलं, त्याला ती चहाची गोष्ट पटली.

मग माझ्यापुढचा माईक बंद पडला. आणि साहेबानं तुझा कागद उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. सही न करता.

ते मी बघितलं. तुझं घरी येणं मी माझ्या हातानं घालवलं. सतरा दिवस मी ठरवत होते आणि शेवटी ठरवलेलं काहीच बोलले नाही. तुला राग आला असेल तर लिही. फोनही कर हवा तर. ओरडणार नाही.

एक बटण पाठवते आहे. चार भोकांचं. माझ्याविरुद्ध पडलेल्या बाविसांतलं एक. वाटेत कुणी काढून घेतलं तर त्याला लखलाभ.

आजी


९ जून, सोमवार

नकटे,

फोनवर तू हसत होतीस की रडत होतीस ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लाईन खराब होती. माझी तर होतीच.

बटण पोचलं ऐकून बरं वाटलं. आणि पाकिटाला यावेळी डिंक बेताचा होता, पानं सुटी होती, बटण कागदाच्या पुडीत नीट गुंडाळलेलं होतं म्हणालीस. मी पुडी केलेली नव्हती. पुडी करणाऱ्या बाबा, तुझं भलं होवो.

आता इथलं. माझं काय होणार म्हणून तू घाबरली होतीस. पहिल्या आठवड्यात कचेरीनं खान्याची ऑर्डर काढून घेतली. इस्त्रीवाली म्हणाली, "तुझी जीभ आम्हाला उपाशी मारणार." पण त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. पोलिसांच्या सहाशे विजारी शिवून आमच्याकडे पडल्या होत्या, आणि त्यांना बटणं लागायची होती. तुरतुरीनं कळवलं, ऑर्डर रद्द असेल तर आहेत तशा घेऊन जा. आठ दिवस गेले. बिनबटणाच्या विजारीनं माणूस कुणाला धाक दाखवणार? एक हात तर कायम कमरेला. नवव्या दिवशी ऑर्डर परत आली, वर दोनशे जास्त. तुरतुरी हुशार आहे. मी तिला निवडलं नव्हतं, पण पुढच्या वर्षी विचार करेन.

आणि पिशव्या. आधी पावाच्या भट्टीवाल्यांनी मागितली, त्यांना त्यांचा मुकादम निवडायचा होता. मग आपल्या इमारतीच्या बिऱ्हाडकरूंनी. मग दवाखान्यातल्या परिचारिकांनी. त्यांना बोटानं भोकं मोजता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आम्ही मोठी बटणं घालतो. आजपर्यंत तेवीस शिवल्या. पिशवी शिवायला कायद्यात बंदी नाही, टाचणीनं स्वतः बघून सांगितलं. हो, तोही आला होता. इकडेतिकडे बघत, टोपी डोळ्यांवर ओढून. म्हणाला, "आजी, कचेरीत खानावळीची समिती आहे. नऊ वर्षं एकच माणूस बसलाय. एक पिशवी मिळेल?"

चोविसावी त्याची. दोरी जरा भक्कम घातली.

साहेब आहे तिथंच आहे. वीजही आहे. पूल मजबूत आहे, मी रोज त्यावरून जाते आणि रोज म्हणते, चांगला बांधलाय. चांगल्याला चांगलं म्हणायची माझी सवय जाणार नाही. फक्त आता त्याच्यावर उभं राहून सगळ्यांच्या वतीनं म्हणत नाही.

एक दुरुस्ती करायची आहे, मग पत्र संपवते. तू गेलीस त्या दिवशी खान्यात ऑर्डर नव्हती. सुट्टी होती. मी कुलूप उघडून एकटी आत बसले आणि एका सदऱ्याला चौदा काजं केली. गाडी सुटायच्या वेळेपर्यंत करत होते. तो सदरा कुणालाच चालत नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलाय.

जाताना टाचणीनं यादी दाखवली. सरहद्दीवरची. तुझं नाव अजून आहे. आणि मेपासून माझंही आहे, मला बाहेर सोडायचं नाही म्हणून. एवढ्या म्हातारीला एवढा मान! घरवार लावतात म्हणे नावं. म्हणून तुझ्याखाली लगेच मी, मध्ये रेघसुद्धा नाही. चार वर्षांनी आपण दोघी एका पानावर आलो, तेही सरकारी खर्चानं.

आजी